सोडा म्हणायचं राहिलं

पुंजाराम तात्या ही गोष्ट दिवसा कधी सांगत नसत. देवळाली प्रवरेकडच्या शिवारात रात्रीची पाण्याची पाळी आली, चारीला पाणी यायला अवकाश असला आणि पोरं बांधावर पाचटाची शेकोटी करून बसली, की त्यांना ती आठवायची. कुणी मुद्दाम "तात्या, भुताची सांगा" म्हटलं, तर म्हणायचे, "भुताची मला येत न्हाई. झालेली सांगतो. माझ्या साडूची हाय. खोटी वाटली तर बेलापूरला जाऊन त्याला इचारा."

"आन् खरी वाटली तर?" चुलतभावाचा नातू छगन जरा फटकळच होता.

"मग रातचं पाण्याचं बारं धरायला एकटा जाऊ नको."

पोरं हसली. तात्यांनी उपरणं कानांवरून घेतलं, हात शेकले आणि सावकाश सुरुवात केली. घाई त्यांना माहीतच नव्हती.

तर आसाराम हा तात्यांचा साडू. बेलापूरच्या बाजूला त्याची मळई. माणूस कामसू, बोलायला कमी. त्याची बायको राहीबाई, म्हणजे तात्यांच्या बायकोची धाकटी बहीण. तिच्या पदरात तेव्हा चार महिन्यांची मुलगी होती. दुष्काळाचा हिवाळा तो. तारीख चार जानेवारी, साल त्र्याहत्तर, वार गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि नेमकी त्याच दिवशी अमावास्या.

त्यावरून घरात सकाळीच बोलाचाली झाली होती. शेजारणी म्हणाल्या, अवसंच्या दिवशी उद्यापन करू नये. आसारामची आई म्हणाली, "माझी सून दवाखान्यात पडलीय. लक्ष्मी दारात आली तर तिला मी पंचांग दाखवू व्हय?" तिनं तांब्यात पाच पालव्या ठेवल्या, नारळ ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. पुरणाला डाळ नव्हती. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ होतं, गुळाचा खडा होता. त्याच्याच गोड पोळ्या करून तिनं नैवेद्य दाखवला आणि नातीला मांडीवर घेऊन ती घटासमोर बसून राहिली. राहीबाईचा हा नेम होता. आता तो सासू चालवत होती.

राहीबाईला आधी नुसता फ्लू झाला होता. गावात साथच होती. घरटी एक जण कण्हत पडलेला. बाकीचे उठले, ही उठली नाही. कोरडा खोकला, ताप, आणि चार पावलं चालली की धाप. शेवटी बसल्या जागी धाप लागायला लागली, तेव्हा आसारामनं तिला बैलगाडीत घालून मिशनच्या लहानशा दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टर लिडियाबाई. त्यांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. ताप हलला नाही.

त्या दिवशी दुपारी देवळालीहून बोलावणं आलं. एक बाळंतीण अडली होती. निघता निघता लिडियाबाईंनी आसारामला खाटेपासून बाजूला घेतलं.

"आसाराम, छातीचा फोटो बघितल्याशिवाय मला पुढचं ठरवता येत नाही. दिवसा लाईटला जोर नसतो, मशीन चालत नाही. रात्री जोर आला की प्रभुदास फोटो काढेल. तो घेऊन तुम्ही देवळालीला या. सुकायची वाट बघू नका, ओलाच आणा."

"फोटोत काय दिसंल, बाई?"

"साधा न्यूमोनिया असेल तर इंजेक्शनानं हटेल, आज ना उद्या. पण हे फ्लूचंच दोन्ही फुप्फुसांत पसरलं असेल, व्हायरसचं असेल, तर त्याला हे इंजेक्शन लागू नाही. मग तिला दम पुरवायला लागेल. ऑक्सिजन."

ऑक्सिजनचा सिलिंडर दवाखान्यात एकच होता, आणि तोही संपत आलेला. दुसरा शनिवारी नगरहून यायचा होता. बाईंनी दवाखान्यातल्या दया सिस्टरला बजावून ठेवलं होतं, की माझा निरोप आल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ही बाळंतीण कदाचित इकडेच आणावी लागेल, बाळ निपचित निघालं तर काय करणार? दया सिस्टर मायाळू होती, पण हुकमाची पक्की. म्हणजे राहीबाईला हवा मिळायची की नाही, हे त्या फोटोवर होतं. आणि फोटो आसारामच्या पायांवर.

"त्याला लई भ्या वाटलं असंल," एक पोरगं म्हणालं.

"तो म्हनतो, न्हाई," तात्या म्हणाले. "काईच वाटत नव्हतं म्हनतो. हात बधिर पडावा तसं आतून बधिर झालं हुतं. सांगतील ते करायचं, एवढंच."

रात्री जेवणवेळेनंतर बल्ब जरा पिवळ्याचे पांढरे झाले. प्रभुदासनं फोटोची खोली उघडली. प्रभुदास उंच, वाकलेला, पांढरा डगला घातलेला माणूस. आधी एका म्हाताऱ्याचा नंबर होता. खडीच्या कामावर त्याचा हात मोडला होता. त्याचा हात फिल्मच्या पेटीवर ठेवून प्रभुदासनं बटण दाबलं आणि म्हणाला, "सोडा."

"काय सोडू?" म्हातारा म्हणाला. "हात मोडलाय बाबा माझा. दम धराया मी काय पैलवान हाय?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. प्रभुदास हसला नाही. म्हातारा बाहेर गेल्यावर तो रिकाम्या खोलीकडं तोंड करून उभा राहिला आणि खालच्या आवाजात पुन्हा एकदा म्हणाला, "सोडा, बाई." मग त्यानं राहीबाईला आत घेतलं.

आसारामनं ते ऐकलं. त्याला वाटलं, लांबच्या कुठल्या पेशंटला म्हणत असंल. त्याच्या डोक्यात ते शिरलंच नाही.

राहीबाईला उभं राहवत नव्हतं. आसारामनं तिला खांद्याला धरून भिंतीजवळच्या गार पत्र्यासमोर आणलं. प्रभुदास म्हणाला, "बाई, गळ्यातलं काढा. नाहीतर फोटोत मणी येतात."

"आज गुरुवार हाय, भाऊ," ती धापा टाकत म्हणाली. "आज न्हाई काढायची."

"मग फोटो वाया जाईल."

तिनं क्षणभर विचार केला. मग मंगळसूत्र गळ्यातच ठेवून वर ओढलं आणि वाट्यांसकट दातांत धरलं. प्रभुदासनं बघितलं, मान हलवली. "चालंल." त्यानं तिची छाती पत्र्याला टेकवली, हनुवटी वर केली, आणि आसारामला लाकडी आडोशाच्या मागं घेतलं.

"आता मोठा दम घ्या."

राहीबाईनं दम घेतला. फाटका, अर्धामुर्धा, खरखरता.

आणि त्याच वेळी खोलीत आणखी कुणीतरी दम घेतला. खोल, भरपूर. विहिरीत उडी मारण्याआधी माणूस घेतो तसा.

"धरा…"

मशीन गुरगुरलं. खट् असा आवाज झाला आणि लाईट गेली.

सगळीकडे काळोख. राहीबाईला खोकल्याची उबळ आली, ती खाली बसली, तिचा दम आपोआप सुटला. आसाराम चाचपडत तिच्याकडं गेला. प्रभुदास मात्र पत्र्यामागची पेटी काढून घाईनं अंधारखोलीकडं पळाला होता. पेटीत उजेड शिरला तर गेलाच फोटो, आणि फिल्म ती एकच उरली होती. आतून त्याचा आवाज आला, "बाईंना खाटेवर न्या! मी कंदिलावर धुतो!"

आसारामनं तिला उचलून नेलं. उचलताना त्याला इतकं मात्र जाणवलं, की दुसरा जो दम घेतला होता, तो कुणी सोडल्याचा आवाज काही आला नाही.

प्रभुदासनं लाल कागद लावलेल्या कंदिलाच्या उजेडात फोटो धुतला. लोखंडी चौकटीत चार चिमट्यांनी अडकवलेला, पाणी निथळणारा काळा कागद तो. त्याला बोट लागता कामा नये, फडकं लागता कामा नये. सायकलच्या हँडलला अडकवावा तर हिसके बसणार. शेवटी प्रभुदासनं चौकटीला सुतळी बांधली आणि ती आसारामच्या गळ्यात घातली.

"हाताला लागू देऊ नका. धुरळ्यातून सावकाश जा. जा आता. बाईंचा निरोप घेऊन लगेच या."

राहीबाईनं खाटेवरून विचारलं, "घटाला निवद दावला का आत्यांनी?"

"दावला असंल."

"मग मला काय होत न्हाई," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. तिचे ओठ जांभळे दिसत होते.

आसाराम निघाला. प्रभुदासनं घाईघाईत फोटोच्या खोलीला कुलूप घातलं. रोज कुलूप घालताना तो जे करायचा, ते त्या रात्री त्यानं केलं नाही. पण ते आसारामला नंतर कळलं.

"सायकलला डायनामो हुता का, तात्या?" छगननं विचारलं.

"हुता. जोरात मारली तरच उजेड. आन् जोरात मारायची न्हाई, असं सांगितल्यालं."

रस्ता कालव्याच्या कडेनं. दुष्काळामुळं कालवा कोरडा. एरवी त्या वाटेनं पाण्याची सोबत असते, बेडूक असतात, कुठं मोटारीचा आवाज असतो. त्या रात्री काहीच नव्हतं. ऊस जळून गेलेला. दोन्ही बाजूंना उघडी रानं. चांदण्या होत्या, पण त्यांचा उजेड जमिनीपर्यंत पोचत नव्हता.

छातीवर ती चौकट. तिचं पाणी सदऱ्यातून झिरपून पोटाला लागत होतं. त्याच्या छातीवर त्याच्या बायकोची छाती लटकत होती, आणि ती बर्फासारखी गार होती. त्यानं खाली बघितलं तर काळ्यात पांढऱ्या बरगड्या अंधुक दिसल्या. त्याला काही वाटलं नाही. तो पायडल मारत राहिला.

जुन्या मोरीपाशी सायकल जड झाली.

त्याला वाटलं, चाकातली हवा गेली. उतरून चाक दाबून बघितलं. टणक होतं. पुन्हा बसला. जडच. मागं कॅरिअरवर माणूस बसल्यावर जशी होते, तशी.

मग आवाज आला.

कुणीतरी दम घेतला. त्याच्या मानेच्या मागं. खोल, भरपूर.

आणि… धरला.

आसाराम वाट बघत राहिला. दम घेतला म्हणजे सुटणार. माणूस असो, बैल असो, घेतलेला दम सुटतोच. तो पायडल मारत होता आणि कान मागं होते.

सुटला नाही.

एक बाभूळ गेली. दुसरी गेली.

सुटला नाही.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपणच दम धरलाय. छाती दुखायला लागली तेव्हा कळलं. त्यानं तो सोडला. मागं… काही नाही. वजन होतं. श्वास नव्हता.

त्यानं मागं बघितलं नाही. तो म्हणतो, धाडस नव्हतं असं नाही. मान वळली तर फोटो हिंदकळला असता.

देवळालीत ज्या घरी बाळंतीण होती त्याच्या ओट्यावर पेट्रोमॅक्स टांगली होती. तिचा उजेड दिसला आणि सायकल हलकी झाली. लिडियाबाई हात पुसत बाहेर आल्या. चार शब्द बोलणं नाही, काही नाही. त्यांनी चौकट त्याच्या गळ्यातून काढली, बत्तीसमोर धरली आणि बघत राहिल्या.

"हे बघा," त्या हळू म्हणाल्या. "साधा न्यूमोनिया असता तर एकाच बाजूला, एका जागी, चुना थापल्यासारखा पांढरा डाग दिसला असता. इथं तसं नाही. दोन्हीकडं सारखं, विरविरीत, नदीवर धुकं असतं तसं. वरची टोकं स्वच्छ आहेत, म्हणजे क्षयाचं नाही. नुसत्या फोटोवरून मी शपथ घेणार नाही. पण साथ फ्लूची, इंजेक्शनाचा गुण नाही, आणि हा असा फोटो. हे व्हायरसचंच."

मग त्या थबकल्या. "थांबा. अर्धवट दम भरला असला तरी फोटो असाच धुरकट येतो. बघू दे. दम जितका मोठा, तितक्या बरगड्या जास्त दिसतात."

त्यांनी बोट न टेकवता बरगड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. बत्तीजवळ नेऊन तिसऱ्यांदा मोजल्या.

"आसाराम, हा फोटो राहीबाईचाच ना?"

"व्हय, बाई. माझ्यासमोर काढला."

"इतका दम भरलाय तिनं? मी दुपारी तिची छाती तपासलीय. याच्या निम्मा दम तिच्यात नाही. हा तर… धडधाकट बाईचा दम आहे."

आसारामच्या तोंडून निघून गेलं, "दोघींनी घेतला, बाई."

लिडियाबाईंनी चौकट खाली केली. मग विचारलं, "प्रभुदास 'सोडा' म्हणाला का शेवटी?"

"न्हाई. लाईट गेली."

"आणि कुलूप लावताना?"

"न्हाई. गडबडीत हुता."

बाई ओट्याच्या पायरीवर बसल्या. आतून बाळंतीण विव्हळत होती.

"दोन वर्षांपूर्वी बनुबाई म्हणून एक बाई आली होती," त्या म्हणाल्या. "छातीच्याच फोटोला. प्रभुदास 'धरा' म्हणाला आणि लाईट गेली. तो फ्यूज बघायला पळाला. परत आला तर बाई तशीच, पत्र्याला टेकून उभी. गेलेली. तिचं हृदयच अधू होतं. दम धरल्यानं कुणी मरत नाही, असं मी त्याला किती वेळा सांगितलं. पण तो म्हणतो, ती शब्दाची वाट बघत राहिली. माझं 'सोडा' म्हणायचं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोनंतर, आणि कुलूप लावताना…"

आतून किंकाळी आली. बाई उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पळा. दया सिस्टरला एवढंच सांगा, ऑक्सिजन सोडा. आत्ताच्या आत्ता. बाकी काही सांगू नका."

फोटो त्यांच्यापाशीच राहिला. आसारामनं रिकाम्या छातीनं सायकल वळवली.

इथं तात्या थांबले. शेकोटीत पाचट घातलं नाही कुणी. ती तशीच बसत चालली.

"आता बघा," तात्या म्हणाले. "देवाचा अंगारा आनताना आपल्यात बोलत न्हाईत. घरी जाऊन लावस्तवर त्वांड उघडायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई. गुण वाटंत सांडतो. व्हय का न्हाई?"

पोरांनी माना हलवल्या.

आसारामनं तो शब्द तसा नेला. अंगाऱ्यासारखा. बाईंनी शब्द एक दिला होता. तो राहीबाईसाठी होता. वाटेत वापरला तर तिथं पोचल्यावर काय देणार? शिकलेला माणूस हसेल. पण त्या काळोखात, त्या बधिर डोक्यानं त्याला एवढंच उमगलं होतं. तोंड घट्ट मिटलं आणि तो निघाला.

गाव सुटलं. सायकल जड झाली.

दम घेतल्याचा आवाज… धरला.

आता त्याला माहीत होतं कोण आहे. काय पाहिजे तेही माहीत होतं. एक शब्द. तो त्याच्या जिभेवरच होता. नुसतं म्हटलं असतं तरी पाठ मोकळी झाली असती.

तो म्हणाला नाही.

बाभूळ. बाभूळ. मोरी.

पाठीवर हात पडला. हळूच. जीव घुसमटला की माणूस शेजाऱ्याला थोपटतो, तसा. टप्… टप्…

तो म्हणाला नाही.

टप् टप् टप्.

डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या. वाऱ्यानं असेल. रडू नव्हतं ते. ओठ दातांखाली धरले होते. मनात एकच. थांब, माय. थोडी थांब. तुझं ऐकू येतंय मला. पण हा शब्द माझ्या लेकराच्या आईचा हाय…

थोपटणं थांबलं.

पाठीला काहीतरी टेकलं. कपाळ असावं. गार.

आणि सायकल… तशीच जड… चालत राहिली.

दवाखान्याच्या दारात दया सिस्टर कंदील घेऊन उभी होती. लाईट अजून आली नव्हती. आसारामनं सायकल भिंतीला टाकली. आत खाटेवर राहीबाई उशांना टेकून बसलेली. मान मागं, डोळे अर्धे मिटलेले. छाती नुसती वरच्यावर हलत होती.

"काय म्हणाल्या बाई?"

आसारामनं तोंड उघडलं. शब्द येईना. इतका वेळ धरून ठेवलेला, तो घशातच रुतून बसला होता.

"अहो बोला की! काय सांगितलं बाईंनी?"

राहीबाईची छाती हलायची थांबली.

"सोडा," आसाराम म्हणाला.

त्याच्या मागं कुणीतरी दम सोडला.

लांब… लांब… सरत नव्हता असा. कंदिलाची ज्योत आडवी झाली. सिस्टरच्या डोक्यावरचा रुमाल हलला. तिला वाटलं, दार उघडं राहिलंय. ती सिलिंडरकडं धावली, चावी फिरवली, नळी राहीबाईच्या नाकाला लावली. मधल्या काचेच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे यायला लागले.

थोड्या वेळानं राहीबाईची छाती उचलली. पुन्हा उचलली.

आसाराम खाटेशेजारी जमिनीवर बसला. त्यानं मागं बघितलं. दार रिकामं होतं. पाठीवर काही नव्हतं. अंग इतकं हलकं लागत होतं, की त्याला उगीच एकटं वाटलं. सिस्टर रात्रभर जागी होती. येऊन नाडी बघायची, सिलिंडरकडं बघायची, जायची. त्याच्याशी बोलत नव्हती. तो बुडबुडे बघत राहिला. पहाटे त्याला झापड लागली.

जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. राहीबाईचे ओठ माणसासारखे दिसत होते. ताप उतरला नव्हता, पण ती पडून झोपली होती. कितीतरी दिवसांनी आडवी झोपली होती. त्याच्या हालचालीनं तिनं डोळे उघडले.

"शुक्रवार उजाडला का?"

"व्हय."

"मग आत्यांना सांगा, घट हलवा म्हनावं. पालव्या तुळशीपाशी ठेवा." आणि ती पुन्हा झोपली. या वेळी तिला मधे एकदाही थांबावं लागलं नाही.

दया सिस्टरनं त्याला बोटानं जवळ बोलावलं. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिनं सिलिंडरच्या डोक्यावरच्या काट्याकडं बोट दाखवलं. काटा शून्यावर होता.

"आत्ता संपला व्हय?"

"नाही," ती कुजबुजली. "रात्री मी चावी फिरवली तेव्हाच. फुस्स करून जे होतं ते गेलं. गळका होता. मी तुम्हाला सांगणारच होते… पण मग बाटलीकडं बघितलं."

आसारामला कळेना. तिनं त्याचा हात धरला आणि त्याची बोटं राहीबाईच्या नाकाजवळच्या नळीच्या टोकाशी नेली. सिलिंडरची हवा गार असते. ही कोमट होती, माणसानं सोडलेल्या दमासारखी.

मग सिस्टरनं नळीचं दुसरं टोक उचलून दाखवलं. ते तिनं रात्रीच सिलिंडरवरून काढून ठेवलं होतं. टोक तिच्या मुठीत होतं, कशालाच जोडलेलं नव्हतं.

तात्यांनी उपरणं पुन्हा कानांवर घेतलं. वर कुठंतरी चारीला पाणी आल्याची चाहूल लागली. कुणी उठलं नाही.

"मग?" छगननं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय?"

"बाटलीत बुडबुडे…"

"येत हुते," तात्या म्हणाले.